फक्त सी३डी पॉझिटिव्ह: कॉम्प्लिमेंट लाल पेशीचं नेमकं काय करतं?

प्रश्न सिन्नरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या वडिलांचं हिमोग्लोबिन थंडीच्या दिवसांत घसरतं, डोळे पिवळसर दिसतात, पहाटे मळ्यात गेलं की बोटं आणि कानाच्या पाळ्या निळ्या पडतात. ताज्या रिपोर्टवर लिहिलंय: कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींवर काय चिकटलंय ते पाहणारी तपासणी) पॉझिटिव्ह, आयजीजी (एका जातीची अँटीबॉडी) निगेटिव्ह, सी३डी (कॉम्प्लिमेंटचा तुकडा) पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी समजावलं की रक्तातलीच कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं लाल पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. ताई विचारतात, प्रथिन भोक कसं पाडेल? पाडत असेल तर बाबांची लघवी कधीच लाल का झाली नाही? आणि शेजारच्या काकूंना असाच आजार होता, त्यांना स्टिरॉइडने आणि पुढे प्लीहा काढल्यावर गुण आला. मग बाबांचं स्टिरॉइड का थांबवलं, प्लीहा काढून उपयोग नाही असं का सांगितलं?

नाशिकमध्ये रक्तपेढी आणि रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली आहेत. ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. भोक पाडणं हा कॉम्प्लिमेंटच्या साखळीचा शेवटचा टप्पा. तुमच्या वडिलांच्या बहुतेक लाल पेशींवर ही साखळी तिथवर पोचत नाही, ती मध्येच सी३ या टप्प्यावर अडते. त्यामुळे त्यांच्या पेशी रक्तात फुटत नाहीत, यकृतात गिळल्या जातात. साखळी कुठवर गेली यावरच लघवीचा रंग ठरतो आणि कोणतं औषध लागू पडेल हेही ठरतं. आता हे सविस्तर सांगते.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तद्रवातली आणि पेशींवरची मिळून तीसहून अधिक प्रथिनं. रक्तद्रवातली बहुतेक यकृतात तयार होतात आणि निष्क्रिय अवस्थेत फिरत असतात. त्यांची पहिली स्पष्ट ओळख लाल पेशींमुळेच पटली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी १८९८ च्या सुमारास एका प्राण्याच्या लाल पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचून त्याचं सीरम घेतलं. ताजं सीरम त्या पेशींवर घातलं की पेशी फुटायच्या. तेच सीरम ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवलं की पेशींच्या गुठळ्या व्हायच्या, पण त्या फुटायच्या नाहीत. मग त्यात साध्या, न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं की पुन्हा फुटायच्या. म्हणजे अँटीबॉडी उष्णतेला टिकते आणि पेशीला चिकटते, पण फोडण्याचं काम दुसऱ्याच, उष्णतेने नासणाऱ्या घटकाचं आहे. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. आजही प्रयोगशाळेत सीरममधलं कॉम्प्लिमेंट बंद करायचं असेल तर आम्ही ते ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतो.

अँटीबॉडी पेशी फोडत नाही, हे मी प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला सांगते, कारण डोक्यात नेमकं उलटं बसलेलं असतं. अँटीबॉडी फक्त जागा दाखवते. ती लाल पेशीवर बसली की सी१क्यू हे सहा डोकी असलेलं प्रथिन तिला येऊन पकडतं. त्याच्यासोबतचे सी१आर आणि सी१एस हे एन्झाइम जागे होतात. सी१एस पुढे सी४ आणि सी२ यांना कापतं. (आकडे शोधाच्या क्रमाने पडले आहेत, कामाच्या नाही, म्हणून एकनंतर चार येतो, त्यात गोंधळून जाऊ नका.) सी४चा तुकडा पेशीवर चिकटतो, सी२चा तुकडा त्याला जोडला जातो, आणि सी३ कापणारं यंत्र तयार होतं.

सी३ हे या साऱ्याचं केंद्र. एका लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅम असतं, कॉम्प्लिमेंटच्या सगळ्या प्रथिनांत सर्वांत जास्त. ते कापलं गेलं की सी३बी या तुकड्यातला एक रासायनिक बंध उघडा पडतो. तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरताच चिकटण्याच्या अवस्थेत असतो. तेवढ्यात शेजारी जो पृष्ठभाग मिळेल त्यावर सी३बी पक्कं बसतं, नाहीतर पाण्याशी संयोग होऊन वाया जातं. हा बंध कायमचा असतो. अँटीबॉडी सुटून जाऊ शकते, सी३ सुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या बाबांचा सगळा रिपोर्ट तिच्यावर उभा आहे.

एकेक यंत्र कितीतरी सी३ कापतं, आणि बसलेल्या सी३बीवर बी आणि डी हे घटक येऊन आणखी नवी यंत्रं उभी करतात. म्हणजे एका अँटीबॉडीपासून सुरुवात होऊन पेशीवर सी३बीचा थर जमू शकतो.

इथून साखळीला दोन वाटा आहेत. एक शेवटपर्यंत जाते. यंत्राशेजारी सी३बी पुरेसं जमलं की सी५ कापलं जातं. सी५बीला सी६ आणि सी७ जोडली जातात, आणि हा जोड पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध थराला धरतो. सी८ येतं, ते थरात पहिल्यांदा घुसतं. मग सी९चे रेणू एकामागोमाग एक येऊन शेजारी शेजारी उभे राहतात, जास्तीत जास्त अठरा, आणि आवरणाच्या आरपार जाणारी एक गोल नळी तयार होते. तिचं आतलं तोंड साधारण १० ते ११ नॅनोमीटर. लाल पेशीचा व्यास ७ ते ८ हजार नॅनोमीटर, यावरून ते छिद्र किती बारीक ते कळेल. १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींच्या आवरणावर ही वर्तुळं पहिल्यांदा दिसली. त्याच दशकात मॅनफ्रेड मेयर यांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं की तत्त्वतः असं एकच पक्कं छिद्र एक लाल पेशी संपवायला पुरतं.

तर ताई, प्रथिन भोक पाडतं ते आवरण खाऊन किंवा कापून नव्हे. ते स्वतःच आवरणात उभं राहून नळी बनतं.

पण एवढ्या बारीक नळीने पेशी का फुटावी? इथे नाशिककरांना समजावणं मला सोपं जातं. द्राक्षात साखर भरत आली आणि अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. आतली साखर पाणी ओढते, साल ताणली जाते आणि चीर पडते. लाल पेशीत साखरेच्या जागी हिमोग्लोबिन आहे, आणि ते गच्च भरलेलं असतं. एरवी पेशी सोडियम बाहेर फेकत राहून पाण्याचा तोल सांभाळते. नळी बसली की क्षार आणि पाणी मोकळे आत येतात, पण हिमोग्लोबिन त्या वेगाने बाहेर जाऊ शकत नाही. त्याच्या ओढीने पाणी येतच राहतं. मधोमध दबलेली चकती आधी गोळा होते, आवरण आणखी ताणू शकत नाही, आणि पेशी फाटते. बाहेरच्या द्रवात मोठे रेणू पुरेसे घातले की हे फुटणं लांबतं; पाण्याच्या ओढीचाच हा खेळ आहे याचा तो पुरावा. मागे उरतं ते रिकामं, फिकट आवरण.

पांढऱ्या पेशीवर अशी नळी बसली तर ती तेवढा तुकडा आत ओढून घेते किंवा बुडबुड्यासारखा बाहेर टाकते आणि जगते. प्रौढ लाल पेशीला केंद्रक नाही, नवं प्रथिन बनवण्याची सोय नाही. आयुष्याच्या सुमारे १२० दिवसांसाठी जन्माच्या वेळी जे मिळालं तेवढ्यावरच तिचं भागतं. म्हणूनच तिच्या अंगावरचे रक्षक फार महत्त्वाचे.

हे रक्षक मुख्यतः तीन. सीडी५५ सी३ कापणारं यंत्र मोडून टाकतं. सीडी५९ शेवटच्या टप्प्यावर उभं असतं आणि सी९ला नळी पुरी करू देत नाही. आणि सीआर१ रक्तद्रवातल्या आय घटकाला मदत करून पेशीवर बसलेल्या सी३बीचे आणखी तुकडे पाडतं. आधी आयसी३बी, मग सी३डीजी. सी३डीजी हा निरुपद्रवी उरलेला तुकडा. त्याच्यावर नवं यंत्र उभं राहू शकत नाही. कूम्ब्स टेस्टमध्ये सी३डी म्हणून आम्ही जे पकडतो ते हेच. सीआर१चं आणखी एक काम मला फार सुंदर वाटतं. रक्तात फिरणारे अँटीबॉडी आणि जंतूंचे कॉम्प्लिमेंट चिकटलेले गोळे लाल पेशी याच सीआर१वर उचलून यकृतापर्यंत नेऊन सोडते. प्राणवायू वाहणारी पेशी ही कामगिरीही निमूट करते. तिच्यावर कॉम्प्लिमेंट रोजच येऊन आदळत असतं, आजार नसतानाही, आणि ती ते रोज परतवून लावते.

आता बाबांकडे येऊ. त्यांच्या रक्तात बहुधा कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन आहे, म्हणजे थंडीत चिकटणारी आयजीएम जातीची अँटीबॉडी. मोठ्या वयात ती बहुतेकदा अस्थिमज्जेतल्या बी पेशींच्या एका लहानशा समूहाकडून येते आणि लाल पेशींवरच्या 'आय' या प्रतिजनाला, म्हणजे अँटीबॉडी ओळखते त्या खुणेला, धरते (वरच्या आय घटकाशी याचा संबंध नाही). मायकोप्लाझ्मा न्यूमोनियानंतरही अशीच अँटीबॉडी काही आठवडे दिसते, पण ती ओसरते. शरीराच्या आतल्या ३७ अंशांना ती पेशीला धरून राहू शकत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे काय असतं ते मी सांगायला नको. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा वेळी उघड्या बोटांतल्या, नाकाच्या शेंड्यातल्या रक्ताचं तापमान तीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतं. तेवढ्यात अँटीबॉडी पेशींना चिकटते, गुठळ्या होतात, बारीक वाहिन्या तुंबतात. निळं पडणं ते हेच. आणि त्या थोड्या वेळात तीच अँटीबॉडी सी१ला बोलावून सी३ बसवून घेते. पेशी शरीराच्या उबदार भागात परतली की अँटीबॉडी सुटते, सी३ राहतं. म्हणून रिपोर्टात अँटीबॉडीचा पत्ता नाही आणि सी३डी ठळक.

एक शंका इथे रास्त आहे. सी३ ट्यूबमध्येच चिकटलं असेल तर? म्हणूनच कूम्ब्स टेस्ट आम्ही जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या ट्यूबमधल्या रक्तावर करतो. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं. कॅल्शियमशिवाय सी१ एकत्र राहत नाही, मॅग्नेशियमशिवाय सी३ कापणारं यंत्र जुळत नाही. रक्त ट्यूबमध्ये पडलं की कॉम्प्लिमेंट थांबतं. त्यामुळे रिपोर्टात दिसलेलं सी३ बाबांच्या शरीरातच चिकटलेलं आहे.

अशा रुग्णाचं सॅम्पल हातात आलं की ते यंत्रात घालायच्या आधीच ओळखू येतं. थंड सकाळी ट्यूब आडवी केली की रक्त काचेवर एकसारखं पसरत नाही, रव्यासारखे दाणे मागे राहतात. यंत्राला ते दाणे म्हणजे मोठमोठ्या पेशी वाटतात, म्हणून लाल पेशींची संख्या फार कमी, आकारमान फार मोठं आणि एमसीएचसी (लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनचं सरासरी प्रमाण) अशक्य वाटावं इतकं जास्त छापून येतं. ट्यूब मुठीत धरा किंवा ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा, थोड्याच वेळात दाणे विरघळतात आणि रक्त काचेवर पुन्हा सरळ पसरतं. मग मोजलेले आकडे खरे. कोणत्याही गावात असा विचित्र एमसीएचसी दिसला तर तंत्रज्ञाने तो तसाच पुढे पाठवू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. निदान तिथेच, कोणत्याही महागड्या तपासणीशिवाय, अर्धं होतं.

बाबांच्या पेशींवरची साखळी सी३पाशी का थांबते? चिकटण्याचा वेळ थोडा असतो आणि रक्षक शाबूत असतात. सीडी५५ आणि सीडी५९ आपलं काम करतात, सीआर१ सी३बीचे तुकडे पाडतं. पण तुकडे पाडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पेशी यकृतातून जाते. तिथल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशींवर सी३बी आणि आयसी३बी ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. त्या लाल पेशीला धरून गिळतात. जी निसटते तिच्यावर सी३डीजी उरतं आणि ती पुढे बराच काळ फिरते. तीच आम्हाला कूम्ब्समध्ये सापडते. रिपोर्टमधली पॉझिटिव्ह पेशी ही वाचलेली पेशी आहे हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

म्हणून लघवी लाल नाही. पेशी यकृतात गिळली गेली की हिमोग्लोबिन तिथेच मोडलं जातं, बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे होतात. कडाक्याच्या थंडीत किंवा आजार भडकला तर काही पेशी शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊन रक्तात फुटतात, तेव्हा लघवी गडद होऊ शकते. म्हणून 'कधीच होणार नाही' असं मी म्हणणार नाही.

शेजारच्या काकूंचा आजार बहुधा वेगळा होता. उबेतल्या ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमियात (उबेतच काम करणाऱ्या अँटीबॉडीने लाल पेशी नष्ट होण्याच्या आजारात) आयजीजी पेशीवर बसते. प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी आयजीजीची शेपटी ओळखतात आणि लाल पेशीचा तुकडा तोडतात किंवा ती सगळीच गिळतात. स्टिरॉइड हे काम मंदावतं, प्लीहा काढली की ती जागाच जाते. बाबांच्या पेशी प्रामुख्याने यकृतात आणि सी३च्या खुणेवर गिळल्या जातात. तिथे स्टिरॉइडचा जोर फारसा चालत नाही आणि प्लीहा काढून काही साधत नाही. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

साखळी शेवटपर्यंत गेली तर काय होतं, ते चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर दिसतं. ए गटाच्या लाल पेशीवर ए प्रतिजनाच्या आठ-दहा लाख जागा असतात आणि बी गटाच्या माणसाच्या रक्तातली अँटी-ए मुख्यतः आयजीएम असते (ओ गटात तिच्यासोबत आयजीजीही बरीच असते). पृष्ठभागावर पसरलेली एक आयजीएमही सी१क्यूला पुरते. आयजीजी असेल तर मात्र सी१क्यूला एकाहून जास्त रेणू अगदी शेजारी शेजारी लागतात. आरएच डी प्रतिजनाच्या जागा पेशीवर फक्त दहा ते तीस हजार, दूरदूर पसरलेल्या, म्हणून अँटी-डी सहसा कॉम्प्लिमेंट जागं करत नाही आणि ते नुकसान प्लीहेत होतं. एबीओ चुकलं की मात्र इतक्या ठिकाणी एकदम आग लागते की रक्षक अपुरे पडतात. पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. ताप, कंबरेत दुखणं, अस्वस्थता, रक्तदाब घसरणं, लाल लघवी, मूत्रपिंड बंद पडणं. यासाठी पूर्ण पिशवी जावी लागत नाही, थोडंसं रक्तही पुरतं. आणि यामागचं सर्वांत मोठं कारण प्रयोगशाळेतली चूक नसून चुकीच्या रुग्णाचं सॅम्पल किंवा खाटेपाशी नाव न जुळवता लावलेली पिशवी हे असतं. नातेवाइकांनी सिस्टरांना 'नाव आणि नंबर पुन्हा वाचून दाखवा' असं म्हणायला अजिबात संकोच करू नये.

याच संदर्भात आपल्या मातीतली गोष्ट म्हणजे बॉम्बे गट. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोंदवला. या लोकांच्या पेशींवर एच प्रतिजनच नसतो, म्हणून साध्या तपासणीत ते ओ वाटतात. पण त्यांच्या रक्तातली अँटी-एच ३७ अंशांवरही जोरात काम करते आणि कॉम्प्लिमेंट शेवटपर्यंत नेते. ओ गटाच्या पेशीवर एच सर्वांत जास्त, म्हणजे ज्याला आपण सर्वांना चालणारं समजतो तेच रक्त त्यांना घातक ठरतं. भारतात साधारण दहा हजारांत एक जण असा सापडतो. उलट्या गटतपासणीत (रुग्णाचं सीरम ओळखीच्या गटांच्या पेशींवर घालून पाहण्यात) ओ पेशींची नळी लावली नाही तर तो निसटतो.

तंत्रज्ञांसाठी एक सांगून ठेवते. ताज्या सीरमने उलटी तपासणी करताना कधी कधी ए पेशींच्या नळीत गुठळी दिसत नाही, तळाशी बसणारं पेशींचं बटण नाहीसं झालेलं असतं आणि वरचा द्रव स्वच्छ गुलाबी असतो. घाईत ती निगेटिव्ह वाचली जाते. ती निगेटिव्ह नाही. पेशी फुटून गेल्या आहेत, म्हणजे तीव्र पॉझिटिव्ह आहे. ईडीटीएच्या प्लाझ्मात हे दिसणार नाही, का ते वर आलंच आहे.

साखळी उलट दिशेनेही मोकाट सुटते, म्हणजे हल्ला नेहमीचाच पण रक्षक गायब. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरिया, थोडक्यात पीएनएच. अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत पीआयजी-ए या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात जन्मानंतर बिघाड होतो. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं. हे जनुक ज्या नांगराची पहिली कडी घडवतं त्या नांगरानेच सीडी५५ आणि सीडी५९ पेशीवर टिकतात. नांगर नाही तर दोन्ही नाहीत. इथे अँटीबॉडी लागतच नाही. सी३ रक्तात सतत थोडंथोडं आपोआप जागं होत असतं, तेवढं पुरतं. कूम्ब्स निगेटिव्ह, सकाळची लघवी चहासारखी किंवा लाल, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं. फुटलेल्या पेशींतलं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, म्हणून पोटात कळा येतात, गिळायला त्रास होतो. सर्वांत घातक म्हणजे रक्तवाहिन्यांत रक्त गोठून गुठळ्या होतात, यकृताच्या शिरांतही. तरुण माणसाला अकारण अशी गुठळी आणि सोबत अ‍ॅनिमिया दिसला तर फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या तपासणीने) पीएनएच तपासायलाच हवं.

दोन रक्षकांपैकी कोण मोठा, याचं उत्तर निसर्गानेच दिलंय. जन्मतः फक्त सीडी५५ नसलेली माणसं आहेत, त्यांच्या पेशी फुटत नाहीत. जन्मतः सीडी५९ नसलेल्यांच्या फुटतात.

आणि आता तो भाग ज्यामुळे तुमच्या बाबांचा रिपोर्ट मला नेहमी आठवतो. २००७ मध्ये अमेरिकेत इक्युलिझुमॅब हे पीएनएचचं औषध मंजूर झालं. ते सी५ कापू देत नाही. नळी बनत नाही, पेशी फुटत नाही, गुठळ्या कमी होतात. पण वाचलेल्या त्या पेशींवर सीडी५५ अजूनही नाहीच, म्हणून त्यांच्यावर सी३ साचत जातं, आणि काही रुग्णांत यकृत त्या गिळायला लागतं. ज्यांची कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह होती त्यांची उपचारानंतर सी३साठी पॉझिटिव्ह येते, हिमोग्लोबिन पुरतं चढत नाही. म्हणजे फुटणं थांबवलं की गिळणं उघडं पडतं. यावरूनच पुढची औषधं साखळीत वर सरकली. २०२१ मध्ये सी३ अडवणारं पेगसेटाकोप्लान आलं, २०२३ च्या अखेरीस बी घटक अडवणारी इप्टाकोपानची गोळी आली. ही औषधं घेणाऱ्यांना मेनिंगोकोकसची (मेंदूज्वराच्या एका जंतूची) लस आवश्यक असते, कारण त्या जंतूविरुद्ध शरीर याच साखळीवर फार अवलंबून आहे.

थंडीचाच पण वेगळा एक आजार लहान मुलांत दिसतो. विषाणूच्या तापानंतर अचानक लाल लघवी. यातली अँटीबॉडी आयजीजी असून ती थंडीत पेशीला आणि कॉम्प्लिमेंटच्या सुरुवातीच्या घटकांना धरते, आणि ऊब मिळाली की बाकी साखळी पुरी होऊन पेशी फुटते. डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ मध्ये हे आधी बर्फात आणि मग ३७ अंशांवर ठेवलेल्या नळीत दाखवलं. मूल बहुतेकदा आधार देऊन, उबेत ठेवून बरं होतं.

आणखी एक. सुरगाणा, पेठ, कळवण भागातून पिवळे डोळे घेऊन आलेल्या प्रत्येकाला कॉम्प्लिमेंट लावू नका. तिथे आधी सिकलसेल आणि जी६पीडी या लाल पेशीतल्या एन्झाइमची कमतरता पाहावी. त्यात लाल पेशीचा दोष आतला असतो आणि कूम्ब्स निगेटिव्ह येते.

बाबांसाठी आता कामाचं. हातमोजे, पायमोजे, कानटोपी ही त्यांची रोजची औषधं समजा. पहाटेचं पाणी धरणं दुसऱ्या कुणाकडे द्या. फ्रीजमधलं पाणी, गार पाण्याने अंघोळ नको. ऐन उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात ताप आला तरी हिमोग्लोबिन घसरू शकतं, कारण जंतुसंसर्गात यकृत कॉम्प्लिमेंट जास्त बनवतं आणि चिकटायला माल वाढतो; ताप आला की तपासून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. रक्तविकारतज्ज्ञांकडे जाताना सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी तपासणी) आणि कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन टायटर (त्या अँटीबॉडीचं प्रमाण) यांबद्दल विचारा. टायटरचं सॅम्पल बर्फाच्या डब्यात पाठवू देऊ नका. थंडीत अँटीबॉडी पेशींवर बसते, सीरममध्ये उरत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. सीरम वेगळं होईपर्यंत ते ३७ अंशांवर राहायला हवं.

उपचार लागला तर अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर रिटुक्सिमॅब, कधी बेंडामस्टिनसोबत, देतात. सी१एस अडवणारं सुटिमलिमॅब २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याने पेशींचा नाश थांबतो, पण बोटं निळी पडणं थांबत नाही, कारण गुठळ्या अँटीबॉडी करते, कॉम्प्लिमेंट नाही. हा फरक आधी माहीत असला तर औषध 'लागू पडलं नाही' असा गैरसमज होणार नाही.

रक्त चढवावं लागलं तर घाबरू नका, पण खोली उबदार ठेवायला सांगा. दात्याच्या नव्या पेशींवर सी३डीजीचं कवच नसतं, म्हणून त्या बाबांच्या जुन्या पेशींपेक्षा लवकर बळी पडतात. पिशवी ब्लड वॉर्मरमधूनच हळूहळू द्यावी. गरम पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवायची पद्धत कुठे कुठे अजून दिसते. जास्त उष्णतेने पेशी पिशवीतच फुटतात. तसं कुणी करू लागलं तर तिथल्या तिथे थांबवा. कोणतंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधीच लिहून द्या, विशेषतः शरीर थंड करून होणाऱ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी. आणि लघवी लाल किंवा गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका.